कुंपणात फेकलेली बटणं

"ब्रायनीला सांगू की. ती करेल. आणि बाहेर बोलायची नाही… बोलतेय कुठे ती?"

बेरिल आत्या हे मागच्या दाराशी उभं राहून माइल्सला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत होत्या. मी धुण्याच्या खोलीत टोपलीच्या आड उकिडवी बसून त्याचाच एक मोजा शोधत होते. मोजा सापडला होता, पण आता उठणं बरं दिसलं नसतं.

"बोलते गं," माइल्स म्हणाला. "मनातल्या मनात."

दोघं हसले. लग्नाला जेमतेम एक उन्हाळा झाला होता, तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ॲशफर्डला एका दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेते. दिवसभर ठणकत्या दाढांशी गोड बोलून घरी आलं की तोंड मिटून बसावंसं वाटतं, एवढीच माझ्या गप्पपणाची कथा. माझ्या सासरच्या हॉगबेन मंडळींनी कधी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी दोघांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. सासरे अजून शेतावर होते. बेरिल आत्यांनी टेबलावर एक कागदी पिशवी उपडी केली. बटणं. चर्चच्या जुन्या बाजारातून वजनावर आणलेली, पितळेची, शिशाची, काही नुसत्याच गंजक्या चकत्या.

"ही पुरायची," आत्या म्हणाल्या.

"कुठे?"

"चिंध्यांच्या शेतात. आणि डेस्मंडला कळता कामा नये."

नव्या सुनेला सासरी काय काय शिकवतात. मला बटणं पुरायला शिकवलं.

डेस्मंड म्हणजे माझे सासरे. आत्या त्यांच्या धाकट्या बहीण, आमच्यातच राहतात. डेस्मंडना तरुणपणापासून एकच नाद, मेटल डिटेक्टरचा. रविवार उजाडला की कानांवर हेडफोन चढवायचे, हातात दांडा घ्यायचा, आणि दांड्याच्या टोकाची ती ताटाएवढी चकती जमिनीलगत झुलवत शेतभर चालायचं. खाली धातू असला की कानात सूर वाजतो. मग गवताचा चौकोन कापून बाजूला ठेवायचा, खुरप्याने उकरायचं, जे असेल ते काढायचं, आणि चौकोन पुन्हा बसवून पायाने दाबायचा. कुठे खणलं ते मागून कळता कामा नये, असा या लोकांचा नियम आहे. बैठकीच्या खोलीत भिंतभर त्यांच्या काचपेट्या आहेत. त्यांत नाणी आहेत, राजेराण्यांची झिजलेली तोंडं आहेत. बटण एकही नव्हतं.

आणि चिंध्यांच्या शेतात तर बटणांचाच बुजबुजाट. पूर्वी तिथे हॉपचे वेल होते, ज्याने बिअर कडू होते ते. त्या वेलांना खत म्हणून लंडनहून लोकरीच्या चिंध्या यायच्या, गाड्या भरभरून. शहरातले फाटके कोट, शिपायांचे गणवेश, मेलेल्या माणसांच्या विजारी. लोकर कुजून वेलांच्या मुळांत गेली. बटणं राहिली. त्यामुळे तिथे यंत्र वाजलं की खाली बहुधा बटणच निघतं, आणि नाण्याच्या आशेने गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचा त्याच्याइतका विरस कशानेच होत नाही. "हॅट, बटण!" म्हणायचं आणि कुंपणाच्या झाडीत भिरकावून द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी तेच पुन्हा वाजून फसवणार नाही. डिटेक्टरवाले सगळेच असं करतात.

माझ्या सासूबाई, हेझल, मला भेटल्या नाहीत. आमच्या लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांना ती बटणं हवी असायची. आत्या दोघांच्या आवाजात करून दाखवतात.

"डेस, एखादं आणत जा की घरी."

"कचरा आहे गं तो."

"असू दे. मला दाखव तरी."

"पुढच्या वेळी."

आणि पुढच्या वेळी पुन्हा नाणी घरी, बटणं कुंपणात.

त्या गेल्यावर डेस्मंड भिंतीकडे तोंड करून निजले ते झाडांना पालवी फुटेपर्यंत. मग एका सकाळी उठले, यंत्र घेतलं, आणि शेतात न जाता कुंपणाशी गेले. फेकलेली बटणं शोधायला.

पण मधल्या काळात शेजाऱ्याने कुंपणालगतचा चर उपसून घेतला होता. माती ट्रकमधून कुठल्याशा रस्त्याच्या भरावाला गेली होती. चाळीस वर्षांची बटणं तिच्याबरोबर. डेस्मंड रविवारी तारेचे तुकडे आणि डब्यांची झाकणं घेऊन परत यायचे, हात धुवायचे, आणि मागच्या रविवारपेक्षा जरा लवकर झोपायला जायचे.

"पुन्हा भिंतीकडे वळले ना," माइल्स म्हणाला, "तर या वेळी उठायचे नाहीत."

म्हणून ती पिशवी. माइल्सच्या बुटांचे ठसे त्याचे वडील चिखलातही ओळखतात. आत्यांचे गुडघे गेलेले. उरले मी.

शनिवारी दुपारी मी पाय मोकळे करायला म्हणून निघायचे. बटणं आधी व्हिनेगरात आणि मग मातीत मुरवलेली असायची, लोणच्यासारखी. कुंपणाच्या कडेने एखादं बोटभर खोल, पुढे एखादं जरा जास्त. रविवारी दुपारी डेस्मंड स्वयंपाकघरात आले ते टोपी हातात उलटी धरून, अंडी आणावीत तशी.

"हेझ…" ते म्हणाले, आणि थांबले. "ब्रायनी. हे बघ, पोरी."

त्यानंतर ते मला बरोबर न्यायला लागले. त्यांच्या मागे मागे चालायचं, ते खणतील तेव्हा पिशवी धरायची. बोलायचं काही कारण नसायचं. आमचं चांगलं जमलं.

"नाणं हजार लोकांच्या खिशातून जातं," एकदा ते म्हणाले. बांधावर बसलो होतो, थर्मासमधला चहा पीत. "ते कुणाचंच होत नाही. बटणाचं तसं नसतं. ते एकाचंच. सकाळी एकदा, रात्री एकदा, तोच अंगठा. इथे बघ, कसं खोलगट झालंय."

मी अंगठा ठेवला. तो त्या खळगीत नेमका बसला, आणि कुणा परक्याच्या कोटात हात घातल्यासारखी मी ओशाळले. ते बटण आत्यांच्या पिशवीतलं होतं, मी स्वतः पुरलेलं. पण कुणाच्या तरी अंगावर ते होतंच की. तेवढं काही खोटं नव्हतं.

"चाळीस वर्षं मी राजांची तोंडं घरी आणली," डेस्मंड म्हणाले, "आणि माणसं कुंपणात टाकली."

त्यांनी चहाचा तळ गवतावर ओतला. "ती मागत होती तेव्हा एक जरी आणलं असतं…"

त्यांनी झाकण फिरवून थर्मास बंद केला.

मला स्वतःला बटणांचं वेड लागलं ते त्याच सुमारास. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं, आणि मला एक सापडलं, कुणी न पुरलेलं, नखाएवढं, त्यावर पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं. बाईच्या बाहीचं असावं, नाहीतर लहान मुलीच्या बुटाचं. ते तळहातावर घेऊन मी इतका वेळ उभी राहिले की डेस्मंडना हसू आलं. "लागला रोग," म्हणाले. "आता औषध नाही."

ऑक्टोबर संपता संपता धुकं पडायला लागलं. आमच्याकडे ते खालून येतं. आधी चर भरतात, मग शेतं, मग फक्त झाडांचे शेंडे दिसतात. चिंध्यांच्या शेताच्या वरच्या टोकाला चर्चचं आवार आहे, सासूबाईंना पुरलंय ते. मध्ये कुंपण, कुंपणात ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, आणि तिथून एक पायवाट शेतातून उतरत आमच्या अंगणाच्या फाटकाशी येते. एका रविवारी डेस्मंडना त्या पायऱ्यांपाशी एक वेगळंच बटण मिळालं. मी त्या दिवशी सर्दीने घरीच होते.

त्यांनी ते चहाच्या टेबलावर ठेवलं. पितळी, चांगलं मोठं, त्यावर हॉपच्या बोंडाचं चित्र. मागच्या कडीत दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. हिरवा.

माइल्सने माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. म्हणजे त्याला वाटलं, माझं काम. मला वाटलं होतं, त्याचं. मी नाही म्हणून मान हलवली, पण तोवर तो बटाटे वाढून घ्यायला लागला होता.

बेरिल आत्यांनी किटली खाली ठेवली. इतकी हळू, की आवाजच झाला नाही.

भांडी घासताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "कुठून आणलंस ते?"

"मी नाही आणलं, आत्या."

"अगं, तो हेझलचा कोट. हिरवा. हॉपची बटणं मेडस्टोनला जाऊन शोधून आणली होती तिने. कायम गारठलेली असायची म्हणून शवपेटीत ठेवताना मी तिला तोच… मी स्वतः लावली गं बटणं. गळ्यापासून खालपर्यंत. पाचही." त्यांच्या हातांवरून साबणाचं पाणी कोपरांपर्यंत ओघळत होतं. "बाजारात तसंच दुसरं मिळालं असेल तुला. मुद्दाम नसशील केलं. पण असलं नको."

"आत्या, मी खरंच नाही…"

"पुन्हा नको," त्या म्हणाल्या, आणि ताटं पुसायला घेतली.

मी एखादी गोष्ट एकदा सांगते, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा सांगायची सवय मला असती, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

मी पुरणं थांबवलं. पिशवी होती तशी धुण्याच्या खोलीत, साबणाच्या खोक्यामागे राहिली. पुढच्या रविवारी डेस्मंडना जनावरांच्या पाण्याच्या हौदापाशी दुसरं बटण मिळालं. तेच बोंड, तोच दोरा. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही, फक्त मला, खिशातून अर्धवट बाहेर काढून. मी हौद पाहिला, वर पायऱ्यांकडे पाहिलं. दोन्ही पायवाटेवर होती.

तिसऱ्या वेळी मी बरोबर होते.

दुपार होती, पण उजेड ताकासारखा पांढुरका. पायवाटेच्या मध्यावर ॲश झाडाचा एक जुना बुंधा आहे, कधीकाळी वादळात मोडलेला. त्याच्यापाशी डेस्मंड थांबले. धुक्यात माझ्यापुढे फक्त त्यांची पाठ आणि ती डावी-उजवी झुलणारी चकती. हेडफोनमधून गळणारा सूर मलासुद्धा ऐकू आला. बारीक, स्वच्छ, एखाद्याने ओठ मिटून गुणगुणावं तसा.

ते गुडघ्यांवर बसले. मीही बसले. त्यांनी गवताचा चौकोन कापायला सुरुवात केली, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण मी पुरणारी बाई आहे, मला माहीत आहे. पुरलेल्या जागी गवत कितीही दाबा, त्याची मुळं तुटलेली असतात. इथली अखंड होती. वर्षानुवर्षांची, एकमेकींत विणलेली. खुरप्याला ती कापताना जोर लागत होता. त्यांच्या खाली, घट्ट काळ्या मातीत, ते बटण होतं. आणि त्यातला दोरा कोरडा होता.

मातीचा वास यायला हवा होता. ओल्या लोकरीचा आला. पावसातून येऊन कुणी खुंटीला कोट टांगावा, तसा.

"डेस्मंड," मी म्हणाले, "घरी जाऊ या…"

"इथे ती तिसरं काढायची," ते म्हणाले.

त्यांनी हेडफोन उतरवून गळ्यात घेतले होते.

"रविवारी चर्चमधली फुलं आवरून यायची ना. पायऱ्या ओलांडल्या की वरचं बटण. हौदापाशी दुसरं. चालता चालता. फाटकाशी येईपर्यंत कोट जवळजवळ उघडा. मी म्हणायचो, अगं गारठतेस एवढी आणि हे काय? तर म्हणायची, घर दिसलं की मला कोटात राहवत नाही." त्यांनी बटण अंगठ्याने पुसलं. "आणि मी तिथे असायचो, शेतात. त्या तिथे. ती हाका मारायची म्हणे. डेस, चल, चहा ठेवते. डेस, ए डेस. मी कानांवर हे घालून. माझं लक्ष खाली."

धुकं बुंध्यावरून सावकाश सरकत होतं.

"ऐकूच यायचं नाही मला. बहुतेकदा वर बघायचो तेव्हा ती घरी पोचलेली असायची. एकटी." त्यांनी बटण मुठीत मिटलं. "आता तिला कळलंय, पोरी, मला काय ऐकू येतं."

मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. चौकोन परत बसवायला ते विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मीच तो पायाने दाबला, आणि मागे वळून न बघता आम्ही उतरलो.

त्या दिवसापासून डेस्मंड स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायला लागले. नोव्हेंबरमध्ये. सकाळी आत्या लावायच्या, ते उघडायचे. माइल्स लावायचा, ते काही न बोलता उठून उघडायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. आत्यांना खोकला झाला. फरशीवर पानं येऊन पडायची. माइल्सने डॉक्टरांना फोन केला, मग त्याच्या हातात एका वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक दिसलं. पुढे बाग, मागे समुद्र, खुर्च्यांत हसणारे म्हातारे.

"तिथल्या बाई बुधवारी यायच्यात बाबांना बघायला," तो मला म्हणाला. "जागा आहे म्हणाल्या."

"ते इथून जायचे नाहीत, माइल्स."

"मग काय करू? दार उघडं टाकून मेलेल्या बाईची वाट बघतात गं ते! माझ्या आईची!" त्याचा आवाज फाटला. मग तो माझ्याजवळ बसला. "एकच उपाय आहे. तू सांग त्यांना. सगळी बटणं तू पुरलीस म्हणून. रागावतील, रडतील. पण दार लावतील. मग मी बुधवारचं रद्द करतो."

"ती मी पुरलेली नाहीत."

"बरं, आत्याने पुरली असतील. मी पुरली असतील झोपेत! काय फरक पडतो? तू म्हण फक्त."

एवढ्या बोलण्यात त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, की मग ती आली कुठून. मला वाटतं, त्याला विचारायचं नव्हतं.

रविवारी डेस्मंड एकटेच गेले आणि लवकर परतले. अंगणाच्या फाटकापाशी चौथं मिळालं होतं. यंत्र त्यांनी दाराच्या चौकटीला टेकवून ठेवलं, हेडफोन उपटून खुंटीला टांगले; ते काढले की यंत्र उघड वाजतं. बंद करायचं राहिलं असावं, त्याचा लाल ठिपका जळत होता. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, फाटक दिसत नव्हतं. धुकं उंबरठ्यापर्यंत आलं होतं. आत्यांनी मटण कापलं, पण कुणी ताट पुढे ओढलं नाही.

"बाबा," माइल्स म्हणाला, "ब्रायनीला तुम्हाला काही सांगायचंय."

डेस्मंडनी माझ्याकडे पाहिलं. "बाजारातल्या बटणांचं का?"

आत्यांच्या हातातला काटा बशीवर वाजला.

"अरे, पहिल्याच दिवशी कळलं मला," ते म्हणाले. "व्हिनेगरचा वास येत होता. आणि एक तर डोव्हरच्या बसकंडक्टरचं होतं. ते काय हॉपला खत म्हणून आलं?" ते किंचित हसले. "पण पोर चिखलात बसून पुरत होती माझ्यासाठी. तुम्ही सगळे एवढं करत होता. म्हटलं, सापडू दे."

माइल्सचा चेहरा लाल झाला होता. "मग झालं तर! कळलंय ना तुम्हाला? ती तिने पुरली, तशीच ही पण तिनेच पुरली. आईच्या कोटासारखी बटणं कुठून तरी आणून. चूक झाली, चांगल्या मनाने झाली. सांग ना, ब्रायनी!"

"सांग बाई," आत्या पुटपुटल्या. "सांगून मोकळी हो. म्हणजे तो इथेच राहील…"

डेस्मंडनी खिशातून ती चार बटणं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली, वरून खाली. शेवटच्याची जागा मोकळी ठेवली.

"मी रागावणार नाही, पोरी," ते म्हणाले. "हो म्हणालीस तरी. तू म्हणशील ते मी धरून चालेन. तू हो म्हण, मी उठतो आणि दार लावतो, आणि पुन्हा हा विषय काढत नाही." त्यांचे डोळे कोरडे होते. आवाज मात्र खाली खाली चालला होता. "फक्त मला खरं कळू दे. चाळीस वर्षं ती हाका मारत होती, आणि मी… आता तरी मला नीट ऐकू आलं का, तेवढंच कळू दे."

तिघंही माझ्याकडे बघत होते. हो म्हणायचं होतं. एवढासा शब्द. त्याने ते घरी राहिले असते, त्यांच्या पलंगावर, त्यांच्या भिंतीजवळ. भिंतीकडे तोंड करून.

मी तोंड उघडलं.

दाराशी यंत्र वाजलं.

ते नुसतं टेकवून ठेवलेलं असताना वाजत नाही. चकतीसमोरून धातू जावा लागतो, हलता. सूर बारीक सुरू झाला, चढला, क्षणभर भरून राहिला, आणि उतरत विझला. कुणी सावकाश चौकटीतून आत यावं, एवढाच वेळ. एकदाच. एका बटणापुरता.

कुणी हललं नाही. आत्यांचे ओठ काहीतरी म्हणत होते, आवाज नव्हता. माइल्स यंत्राकडे बघत होता, नुसता यंत्राकडे, दुसरीकडे कुठेही नाही. डेस्मंडनी मान वळवली नाही. त्यांची नजर माझ्यावरच होती, माझ्या उत्तरावर, आणि त्यांचा हात टेबलावर उताणा पडला होता. फरशीवर, उंबरठ्यापासून टेबलाच्या दिशेने, ओल उमटत चालली होती. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता. आणि मला, खरं सांगते, भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं. इतक्या उशिरा, इतक्या लांबून, एवढ्या थंडीत यायचं, आणि घरातल्यांनी आपापसात भांडत बसायचं.

"नाही, डेस्मंड, ती मी पुरलेली नाहीत," मी म्हणाले. "आणि माइल्स, ऊठ, दार लावून घे. आई आत आल्यात."